मूड डिसऑर्डर असलेलं मूल आणि शाळा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी माहितीचा धागा

खारीगाव_खाडी (धागाकर्ती, विशेष शिक्षिका)

विशेष शिक्षणाची चर्चा निघाली की ती स्वमग्नता, एलडी (वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता) आणि बौद्धिक अक्षमता यांच्याभोवतीच फिरते. नैराश्य, बायपोलर (मूड कधी फार खाली, कधी फार वर) किंवा डीएमडीडी (सततची चिडचिड आणि वारंवार रागाचा भडका) असलेलं मूल यात कुठेच बसत नाही. त्याला वाचता येतं, गणित येतं, कधीकधी वर्गात पहिलंही येतं. मग शाळा म्हणते, "हुशार आहे की, याला कशाला विशेष शिक्षक?"

अडचण अशी की या मुलाची क्षमता तीच राहते, पण ती रोज हाताशी नसते. सोमवारी सोडवलेलं समीकरण गुरुवारी सुटत नाही आणि त्यात आळस नसतो. त्यामुळे वर्षातून एकदा लिहून फाइलला लावलेला आयईपी (वैयक्तिक शैक्षणिक आराखडा) इथे कुचकामी. एकाच पानावर तीन प्रकारच्या दिवसांचा आराखडा लागतो: नेहमीचा दिवस, मंद दिवस (मूड खाली), वेगाचा दिवस (मूड वर).

मंद दिवसाचा नमुना, आठवीच्या गणितासाठी:

"स्वाध्यायातली १, ४, ७ आणि १० क्रमांकाची उदाहरणं. चारही बरोबर आली की स्वाध्याय पूर्ण, तशी वहीत नोंद. फळ्यावरचं उतरवायचं नाही, शेजारच्या वहीची झेरॉक्स दुसऱ्या दिवशी. तोंडी प्रश्न विचारायचा तर दोन मिनिटं आधी बाकाजवळ जाऊन सांगायचं. घरचा अभ्यास ४० मिनिटं, नंतर अपुरा असला तरी पालकांची सही आणि विषय संपला."

काठिण्य तेच ठेवायचं, संख्या कमी करायची. सोपी उदाहरणं दिली तर मूल खरोखर मागे पडतं, आणि 'आपल्याला जमत नाही' हे त्याच्या डोक्यात आधीच घर करून असतं, त्यावर आपण शिक्का मारतो.

वेगाच्या दिवशी उलट. मूल स्वतःहून पाच प्रकल्प अंगावर घेतं. त्या आठवड्यात वक्तृत्व, स्नेहसंमेलन, आंतरशालेय स्पर्धा कशालाही नवं नाव द्यायचं नाही. हातात एका वेळी एकच कागद. उभं राहून लिहायला परवानगी. वादात शिरायचं नाही, दोन पर्याय देऊन बाजूला व्हायचं.

---

तलावपाळी (शाळा समुपदेशक)

अनुमोदन. 'आजचा दिवस कोणता' हे कोण ठरवणार, ते मात्र कागदावर असायलाच हवं, नाहीतर प्रत्येक तासाला वेगळा निकाल लागतो. पहिल्या तासाआधी एका ठरलेल्या मोठ्या माणसाशी दोन मिनिटांची भेट ठेवा. तीनच प्रश्न: किती तास झोपलास, खाल्लंस का, १ ते ५ मध्ये आज कुठे आहेस. वर्गात सगळ्यांदेखत नाही, जिन्याजवळ किंवा ग्रंथालयात. पालकांनी शाळा भरायच्या आधी एका ओळीचा मेसेज टाकायचा: "झोप ५ तास, गोळी घेतली, डबा घेतलाय."

हे बंद पडतं ते एकाच कारणाने: सकाळी भेटणारी ती व्यक्ती रजेवर जाते. दुसऱ्या माणसाचं नाव पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. मुलाला विचारून लिहा. चिडलेलं असताना कोणासमोर बसायला चालेल हे त्याला बरोबर माहीत असतं.

झोपेचा आकडा शोभेसाठी नाही. दोन रात्री ओळीने झोप कमी, आणि तरी मूल थकलेलं नाही, उलट जोरात आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

---

नेरूळ_पूर्व (निवृत्त पर्यवेक्षक)

ताई, कागदावर छान आहे. पण वर्गात ५५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. त्यातून बदली शिक्षक आला तर त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं आणि हमखास त्याच तासाला भडका उडतो. शिवाय "त्याला चार गणितं, माझ्या मुलाला बारा, हा कुठला न्याय?" असं विचारायला इतर पालक येतातच.

दोन गोष्टी चालतात. पहिली, आराखडा एका पानाच्या वर जाऊ द्यायचा नाही. चार पानी आयईपी स्टाफरूमच्या कपाटात जातो. त्यातल्या पाच ओळी काढून कॅटलॉगच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा, निदानाचा उल्लेख न करता: "रोल नं. अमुक. आवाज चढवू नये. वर्गाबाहेर जायचं कार्ड दाखवलं तर जाऊ द्यावं. पाणी, बाथरूमला अडवू नये. एकटं घरी पाठवू नये. अडचण आली तर पर्यवेक्षकांना बोलवावं." बदली शिक्षकाला एवढं पुरतं.

दुसरी, इतर पालकांना एकच उत्तर: "प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शाळा सोय करते, दुसऱ्याच्या मुलाची माहिती तुम्हाला देता येणार नाही, तुमच्या मुलाचीही त्यांना देणार नाही." एवढ्यावर बहुतेक जण गप्प बसतात.

---

ऐरोली_सेक्टर८

निदान शाळेला सांगावं की नाही? दोन्ही बाजूंनी सल्ले मिळतात.

---

तलावपाळी

@ऐरोली_सेक्टर८, वर्गशिक्षकाला निदानाचं नाव कळून काही हालत नाही, काय करायचं ते कळावं लागतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. माहितीचे तीन थर करा. मुख्याध्यापक आणि समुपदेशक: निदान, औषधं, डॉक्टरांचा नंबर. वर्गशिक्षिका: कामकाजावर काय परिणाम होतो आणि काय करायचं. विषयशिक्षक, पीटीचे सर, व्हॅनच्या मावशी: फक्त सूचना.

काहीच न सांगणं मात्र अंगाशी येतं. खाडे वाढतात, शाळेच्या नोंदीत 'बेशिस्त' लिहिलं जातं, आणि मग बोर्डाच्या वर्षी सवलत मागताना मागची कागदपत्रं उलटीच बोलतात. मुलाला बसवून विचारा, कोणाला किती सांगायचं. दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलाचं यावर ठाम मत असतं.

---

गोळी_वेळेवर (बालमानसोपचार क्षेत्रात)

औषधांमुळे वर्गात काय दिसतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. डोस बदलणं वगैरे धाग्यावर विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

लिथियम: तहान आणि लघवी वाढते, हाताला बारीक कंप येतो. म्हणून पाण्याची बाटली बाकावरच, बाथरूमला न विचारता जायची मुभा. अक्षर बिघडलं तर 'गचाळ लिहितो' असा शेरा नको. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली पातळी वर चढते. त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात मैदानावरची कवायत, सहलीत पाणी न पिणं, जुलाब-उलट्या यांत जपायचं. कंप अचानक वाढला, चालताना तोल जायला लागला, उलट्या, जीभ जड, असं दिसलं तर तडक दवाखाना. आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली आयबुप्रोफेन या मुलांना द्यायची नाही, तिनेही पातळी वाढते. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात, म्हणजे सकाळी. त्या दिवशी उशिरा आल्याचा लेटमार्क लावू नये, हेही आराखड्यात घाला.

रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारखी औषधं: सकाळी गुंगी, दिवसभर भूक. सकाळच्या अधिवेशनात पहिला तास वाया जातो. चाचणी पहिल्या तासाला नको. वजन वाढलं की वर्गात चिडवाचिडवी होते आणि मूल गुपचूप गोळ्या टाकायला लागतं. 'औषध लागू पडेना' अशा तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

नैराश्यावरची फ्लुओक्सेटिनसारखी औषधं: सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर बेचैनी, चिडचिड, झोप उडणं, जिवाचं काही करून घेण्याचे विचार यांवर डोळा ठेवायचा. एकाएकी फार उत्साह आला तर आनंद मानण्याआधी डॉक्टरांना फोन, कारण बायपोलरची वृत्ती असेल तर मूड उलटून वर जाऊ शकतो. शाळेला एवढंच कळवा: "पुढचे चार-सहा आठवडे बदल दिसला तर त्याच दिवशी सांगा."

मधल्या सुट्टीत गोळी असेल तर डॉक्टरांना विचारा, सकाळ-रात्रीत बसवता येते का. शाळेत गोळ्या सांभाळण्याची जबाबदारी कोणी नीट घेत नाही, आणि दप्तरात पाकीट ठेवणं धोक्याचं.

आणखी एक. मुलांमधलं नैराश्य रडवेलंच दिसेल असं नाही. बऱ्याचदा ते चिडचिड म्हणून येतं. 'उद्धट झालाय' हा शेरा तीन शिक्षकांनी एकाच महिन्यात दिला असेल तर शिस्तीच्या वहीआधी समुपदेशकाकडे पाठवा.

---

नेरूळ_पूर्व

आता कार्डाबद्दल. वर्गाबाहेर जायचं कार्ड दिलं की मुलं त्याचा पास करतात. दर गणिताच्या तासाला बाहेर. याला उपाय सांगा, नाहीतर शिक्षक दुसऱ्याच आठवड्यात कार्ड काढून घेतात.

---

खारीगाव_खाडी

सर, प्रश्न रास्त आहे, पण कार्ड काढून घेणं हे उत्तर नाही. कार्डाला चार नियम: ठरलेली एकच जागा (ग्रंथालय किंवा समुपदेशकाची खोली, गच्ची, जिना, बाथरूम नाही), १० मिनिटं, जाताना-येताना वेळ लिहायची, आणि परत आल्यावर "कुठे होतास?" हा प्रश्न विचारायचा नाही. पोचलं की नाही हे पाहायला शिपाईमामा किंवा मावशी.

त्या वेळांच्या नोंदीतच उत्तर असतं. दोन आठवड्यांचा कागद समोर ठेवा. सगळ्या फेऱ्या गणितालाच असतील तर मुद्दा मूडचा कमी आणि आजारपणात बुडालेल्या प्रकरणांचा जास्त. अपूर्णांक शिकवले तेव्हा मूल सहा आठवडे घरी होतं, आता बीजगणित कसं येणार? तिथे भरून काढायचे तास लावायचे. फेऱ्या विखुरलेल्या पण सकाळी जास्त असतील तर औषधाची गुंगी किंवा झोप. मधल्या सुट्टीनंतरच असतील तर मैदानावर कोणीतरी त्रास देतंय, ते शोधा. कार्ड घेतलंत तर ही माहितीच हातची जाते.

---

पाचपाखाडी_वाचक

दिव्यांग प्रमाणपत्राचं काय? एलडीचं सर्टिफिकेट काढा असं एका शाळेने सुचवलंय. निरामय विमाही मिळतो म्हणे.

---

सेक्टर_सतरा (दिव्यांग हक्कांची कागदपत्रं करणारा)

दोन्ही चुकीचं. एलडी ही वेगळी नोंद आहे. मुलाला खरंच एलडी असेल तर जरूर काढा, पण मूड डिसऑर्डरसाठी ते लागू नाही. निरामय राष्ट्रीय न्यासाची योजना आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. मानसिक आजार त्यात नाही.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत 'मानसिक आजार' आहे आणि व्याख्येत मूडचा स्पष्ट उल्लेख आहे. मूल्यमापन आयडियाज मापनाने होतं: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम (मुलाच्या बाबतीत शाळा). प्रत्येकाला ० ते ४ गुण, शिवाय आजार किती काळ आहे त्याचे गुण. अपंगत्व ४० टक्के आणि वर आलं की बहुतेक सोयींचं दार उघडतं.

इथे हुशार मुलं आपटतात. तपासणीच्या दिवशी मूल बऱ्या अवस्थेत, नीटनेटकं, पटापट उत्तरं देतं, आणि टक्के खाली येतात. म्हणून सोबत न्या: हजेरीचा महिनावार उतारा शाळेच्या शिक्क्यासह, अॅडमिट झाल्याचे डिस्चार्ज कार्ड, किमान वर्षभराच्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने, प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स (गुणांची चढउतार हाच पुरावा), आणि समुपदेशकाचं एक पान, 'काय जमत नाही' हे लिहिलेलं.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन. आता आपल्याकडची खास अडचण: वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. पत्ता 'नवी मुंबई' लिहून जिल्हा ठाणे निवडला आणि आधार खारघरचं असेल तर कागद जुळत नाहीत. राहत्या जिल्ह्याऐवजी जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडे अर्ज करायचीही नियमात तरतूद आहे. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं मिळतं. संपायची तारीख बोर्डाच्या परीक्षेच्या अलीकडे येत नाही ना, हे हातात पडताक्षणी बघा.

खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला दिव्यांग मुलांसाठी महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. दोन्हींचा भर वेगळ्या गरजांवर. निव्वळ बायपोलरसाठी तिथे खेटे घालण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञ असलेलं सरकारी रुग्णालय धरा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात रोज साधी माणसं येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रमाणपत्र हातात नाही म्हणून वर्गातल्या सोयी थांबवायच्या नाहीत. पाण्याची बाटली, कार्ड, चार उदाहरणं यांना कुठल्याही बोर्डाची परवानगी लागत नाही.

---

ऐरोली_सेक्टर८

आणि बोर्डाच्या परीक्षेला?

---

सेक्टर_सतरा

जादा वेळ ताशी २० मिनिटं, म्हणजे सीबीएसईच्या तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं. लेखनिक, वेगळी बसायची सोय हे गरजेप्रमाणे. राज्य मंडळासाठी प्रस्ताव शाळेमार्फतच मुंबई विभागीय मंडळाकडे, म्हणजे वाशीला जातो. पालकांनी परस्पर जाऊन फारसं काही होत नाही. परीक्षेचा अर्ज भरायच्या काळातच प्रस्ताव गेला पाहिजे. फेब्रुवारीत जागं झालं तर धावपळ ठरलेली.

लेखनिक मागण्याआधी विचार करा. मूड डिसऑर्डरमध्ये बऱ्याच मुलांना लेखनिकाचा उपयोग नसतो, जादा वेळ आणि शांत खोली पुरते. लेखनिक घ्यायचाच तर सहामाही आणि सराव परीक्षा त्याच पद्धतीने द्या. तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळं कसब आहे.

७५ टक्के हजेरीची अट सीबीएसई आणि राज्य मंडळ दोन्हीकडे आहे. आजारपणासाठी सूट मागता येते, पण वैद्यकीय दाखले त्या त्या वेळचे लागतात. वर्षाअखेर एकदम काढलेला सहा महिन्यांचा दाखला कोणालाच पटत नाही.

---

खारीगाव_खाडी

अॅडमिट होऊन आलेल्या मुलाचं परत येणं हा भाग शाळा हमखास घाईत उरकतात. सोमवारी डिस्चार्ज, मंगळवारी पूर्ण दिवस, बुधवारी राहिलेल्या चाचण्या. शुक्रवारी मूल परत घरी.

पहिला आठवडा रोज दोन तास, तेही आवडत्या विषयांचे. दुसरा मधल्या सुट्टीपर्यंत. तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण दिवस. आधी एक फेरी शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, वर्गशिक्षिकेसोबत. मुलं "कुठे होतास?" विचारणारच, त्याचं एक वाक्य आधी ठरवून पाठ करून घ्या. "बरं नव्हतं, आता ठीक आहे" एवढं पुरे. बुडालेल्या कामाची यादी करा आणि त्यातलं निम्मं सरळ माफ करा. पुढचं शिकायला जे लागतं तेवढंच भरून काढायचं. दिवसाला एकच चाचणी.

---

पाचपाखाडी_वाचक

एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) टाकावं का मग? शाळाच मागे लागली आहे.

---

तलावपाळी

एनआयओएसची रचना या मुलांना सोयीची आहे, हे खरं. नोंदणी पाच वर्षं टिकते, नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवता येतो. पण घरी बसलेल्या मुलाचा दिवस कोण उभा करणार? सकाळी उठायचं कारण गेलं की झोपेचं चक्र फिरतं, आणि बायपोलरमध्ये झोप बिघडली की पुढचा झटका जवळ येतो. नैराश्यात तर मित्र तुटणं हेच मोठं नुकसान. शाळेला डोकेदुखी नको म्हणून जायचं नाही. जायचं तर आठवड्याचं वेळापत्रक, रोज घराबाहेरचे दोन तास आणि एक खेळ किंवा क्लास आधी ठरवून मगच.

आणि शाळा ढकलत असेल तर लेखी मागा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलंय: प्राथमिकला दहा विद्यार्थ्यांमागे एक, माध्यमिकला पंधरामागे एक. लेखी मागितलं की तोंडी दबाव बहुतेक वेळा तिथेच विरतो.

---

गोळी_वेळेवर

नवरात्र जवळ येतंय म्हणून. टेंभी नाक्याची गर्दी, सोसायटीतला गरबा, नऊ रात्री जागरण. बायपोलर असलेल्या मुलाला बंदी घालू नका, वेळ ठरवा: साडेनऊला घरी, गोळी नेहमीच्या वेळी, दुसऱ्या दिवशी उठायची वेळ तीच. पाहुणे आले म्हणून रात्रीची गोळी पुढे ढकलायची नाही. शाळांनीही सहामाहीच्या तयारीसाठी "रात्र जागून अभ्यास करा" असं वर्गात सांगू नये.

आणि संकटाचं. "मला जगायचं नाही" असं मूल म्हणालं किंवा वहीत लिहिलेलं सापडलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, वर्गासमोर विचारायचं नाही. एकाने तळमजल्यावर सोबत बसायचं, दुसऱ्याने पालकांना आणि डॉक्टरांना फोन. पालक येईपर्यंत व्हॅन किंवा रिक्षाने पाठवायचं नाही. सरळ विचारलेलं चालतं: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास चालू असतं, चाइल्डलाइन १०९८. दोन्ही नंबर स्टाफरूमच्या भिंतीवर लावा.

---

ऐरोली_सेक्टर८

शाळेला द्यायच्या पत्राचा मसुदा कोणी देईल का?

---

सेक्टर_सतरा

घ्या. लांबवू नका.

"प्रति, मुख्याध्यापक. विषय: इयत्ता __ तुकडी __ मधील माझ्या पाल्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. माझ्या पाल्याला दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये समाविष्ट प्रकारातील आजार असून उपचार चालू आहेत. डॉक्टरांचं पत्र सोबत बंद पाकिटात जोडलं आहे, ते आपण व समुपदेशक यांनीच पाहावं. वर्गशिक्षक, समुपदेशक, विशेष शिक्षक व पालक अशी बैठक १५ दिवसांत घ्यावी व पुढील सोयींबाबत लेखी कळवावं: १) ... २) ... ३) ..."

पहिल्या पत्रात तीनच सोयी मागा, सगळ्यात गरजेच्या. बारा मागितल्या की बैठक बाराव्यावर वाद घालण्यात जाते. दोन प्रती न्या, कार्यालयातून आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला कां कूं केली तर तेच पत्र शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि रजिस्टर एडीने टाका.